वीज गेल्यावर हीटर : पेटीतल्या विजेचा हिशेब

जालना : दिवाळी सरली, की जालना जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतातले पंप चालू होतात आणि घरोघरी अंघोळीच्या पाण्यासाठी रॉड व गिझर यांची आठवण होते. वाहिनीवरचा भार वाढतो, रोहित्र तापते आणि ऐन कडाक्याच्या थंडीत ‘डीपी जळाली’ ही वार्ता गावभर पसरते. मराठवाड्याच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास येते, काही रात्री त्याखालीही जाते. ही थंडी काश्मीरची नव्हे, हे खरे. परंतु इथली घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. पत्र्याचे छप्पर, उंच झरोके, फरशीची जमीन आणि दारांखालच्या फटी मे महिन्यात सुखावतात, जानेवारीत तेवढ्याच छळतात.

या परिस्थितीवर उपाय म्हणून अलीकडे शहरी दुकानांतून एक नवी वस्तू दिसू लागली आहे. सुटकेसएवढी, उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी. तिला ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ म्हणतात. आत लिथियमच्या बॅटऱ्या, त्यांच्यावर देखरेख ठेवणारे सर्किट आणि इन्व्हर्टर, बाहेर नेहमीचे प्लग. दिवे, पंखा, मोबाईल, लॅपटॉप यांसाठी ती उत्तम चालते. ग्राहकाचा पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : यावर हीटर चालेल का? चालेल, पण फारच थोडा वेळ. तो किती थोडा, हे समजण्यासाठी हिशेबात शिरावे लागते.

भारनियमनाने दिलेली सवय

महाराष्ट्राच्या घराघरांत बॅटरी शिरली ती भारनियमनामुळे. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या अस्तित्वात आल्या, तोच काळ विजेच्या तीव्र तुटवड्याचा होता. पुढे वीजगळती आणि थकबाकी यांच्या प्रमाणात भागांचे गट पाडण्यात आले आणि ज्या गटाची गळती जास्त, त्याच्या वाट्याला अंधारही जास्त आला. मराठवाड्यातील अनेक गावे या यादीत तळाशी होती. जालन्याच्या बाजारपेठेत जनरेटरचा धडधडाट आणि घरांच्या जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी हे त्या वर्षांचे नित्याचे दृश्य होते. २०१२ च्या अखेरीस कमी गळतीच्या वाहिन्यांवरील भारनियमन थांबले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे ते काही काळ परत आले.

आज शहरात वीज जाते ती बहुधा बिघाडाने किंवा दुरुस्तीच्या कामाने. खेड्यात ती रोहित्र जळाल्याने जाते, आणि मग नवे रोहित्र येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. इन्व्हर्टर म्हणजे दोन-चार तासांची सोय, हे त्या काळात मनात बसलेले समीकरण पंख्याला आणि दिव्याला लागू आहे. हीटरला ते लागू नाही.

उष्णतेची भूक

नऊ वॉटचा एलईडी दिवा आणि एक हजार वॉटचा हीटर यांच्यात शंभरपटीहून अधिक अंतर आहे. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. बाजारात मध्यम आकाराची म्हणून मिळणारी पेटी सुमारे एक युनिट, म्हणजे एक हजार वॉट-तास वीज साठवते. तिच्यातील इन्व्हर्टरमध्ये काही वीज खर्ची पडते, म्हणून हाती साधारण ८५ टक्के लागते. यावर दिवा नव्वद तासांहून अधिक तेवेल, छताचा पंखा बारा तास फिरेल. एक हजार वॉटचा हीटर मात्र पन्नास मिनिटांत पेटी रिकामी करील. दोन्ही कांड्या लावून तो दोन हजार वॉटवर चालवला, तर पंचवीस मिनिटे; तीही पेटीने तेवढा भार पेलला तर. तीनशे-पाचशे वॉटच्या लहान पेट्या हीटर लावताच क्षणात बंद पडतात. हा पेटीचा दोष नाही. संरक्षक सर्किट आपले काम चोख बजावत असते.

उष्णता निर्माण करणे हे विजेचे सर्वांत खादाड काम आहे, हे जालनेकरांना खरे तर वेगळे सांगायला नको. येथील औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्ट्यांतून भंगार वितळवले जाते. एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते, म्हणूनच विजेचा दर थोडा हलला तरी तेथे खळबळ उडते. घरातला हीटर त्या भट्टीचाच दूरचा नातेवाईक आहे.

दुकानात ‘कमी विजेत जास्त उष्णता’ असे सांगून काही हीटर विकले जातात. क्वार्ट्झ, हॅलोजन, तेलाचा, सिरॅमिकचा, पंख्याचा. प्रकार कोणताही असो, एका युनिटपासून ८६० किलोकॅलरी एवढीच उष्णता मिळते. फरक पडतो तो ती उष्णता कुठे जाते यात. हॅलोजनची उष्णता समोर बसलेल्या माणसावर थेट पडते, तेलाच्या हीटरची हवेत पसरते. एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. हॅलोजनची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे सुरू होताना ती क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढते. आकड्यांच्या हिशेबात बसणारा हॅलोजन हीटरही त्यामुळे पेटी ‘पाडू’ शकतो. साध्या नायक्रोमच्या कांडीला हा दोष नाही.

खोली तापवणे

दहा बाय बारा फुटांच्या खोलीतील नुसती हवा दहा अंशांनी तापवायला एका युनिटचा जेमतेम आठवा-नववा हिस्सा पुरतो. हा आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण खोलीत हवेखेरीज भिंती, फरशी आणि स्लॅबही असतात. त्या रात्रभर उष्णता पीत राहतात आणि बाहेर सोडत राहतात. चारही बाजूंनी उघड्या पडलेल्या विटांच्या खोलीत एक हजार वॉटच्या हीटरने तापमान पाच-सहा अंशांनी वर टिकवले, तरी त्याने पराक्रम केला असे म्हणावे लागेल. आठ तासांच्या रात्रीसाठी हे आठ युनिट झाले. थर्मोस्टॅटमुळे हीटर निम्मा वेळच चालला, असे गृहीत धरले तरी चार. म्हणजे एका युनिटच्या पाच पेट्या! पत्र्याच्या छपराखाली हा हिशेबही मोडतो.

म्हणून बॅटरीवर खोली तापवण्याऐवजी माणूस तापवावा. विजेवर तापणारे ब्लँकेट शंभर वॉटच्या आसपास वीज घेते. अर्ध्या युनिटच्या लहान पेटीवरही ते चार तास चालते, कमी तापमानावर ठेवल्यास अधिक. निजण्यापूर्वी अर्धा तास अंथरूण तापवून ते बंद करावे, हा सर्वांत काटकसरीचा मार्ग. तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे अशांसाठी मात्र ते वापरू नये. चटका बसलेला त्यांना कळत नाही किंवा सांगता येत नाही.

पेटी नसेल तरी अडत नाही. गॅसवर पाणी तापवून भरलेली दोन लिटरची रबरी पिशवी अंथरुणात पन्नास-साठ वॉट-तासांची ऊब सोडते. विजेच्या ब्लँकेटने अर्ध्या तासात द्यावी तेवढीच ही ऊब. एका युनिटच्या पेटीला जेवढे पैसे मोजावे लागतात, त्यात घरातील प्रत्येकाला नवी रजई येईल आणि बरेच उरतील.

जिन्याखालचा इन्व्हर्टर

घरोघरी असलेला इन्व्हर्टर या कामाला पेटीपेक्षाही कमी उपयोगी आहे. नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर सुमारे सातशे वॉट देऊ शकतो. रॉड किंवा रूम हीटर लावताच तो ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद होतो. याच कारणाने जाणता वायरमन घराचे वायरिंग करताना इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढतो आणि गिझरला त्यापासून दूर ठेवतो. मोठ्या क्षमतेचा इन्व्हर्टर बसवला तरी प्रश्न बॅटरीचा उरतोच. १५० अँपिअर-अवर हा शिशाच्या बॅटरीवर छापलेला आकडा वीस तासांत सावकाश उतरणाऱ्या बॅटरीचा असतो, म्हणजे ताशी साडेसात अँपिअरचा. हजार वॉटचा हीटर बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. एवढ्या घाईने उपसल्यास तीच बॅटरी छापील क्षमतेच्या निम्म्यानेच साथ देते. हीटर पाऊण तास चालतो आणि बॅटरी तळापर्यंत उतरते. असे वारंवार झाले, तर चार-पाच वर्षे टिकणारी बॅटरी एक-दोन हिवाळ्यांत कामातून जाते. शिवाय शंभर अँपिअरच्या प्रवाहात बॅटरीचा एखादा नटबोल्ट सैल असेल, तर ती जागा तापून वायरचे आवरण वितळते.

येथे ग्रामीण भागातील एक अनुभव उलगडतो. खेड्यात वाहिनीच्या टोकाला वीजदाब पुष्कळदा १८० व्होल्टवर येतो. दाब एवढा उतरला, की दीड हजार वॉटचा रॉड प्रत्यक्षात नऊशे वॉटच घेतो. म्हणूनच पाणी तापायला अर्धा-अर्धा तास लागतो. इन्व्हर्टर किंवा पेटी मात्र पूर्ण २३० व्होल्ट देते आणि रॉड आपले सगळे दीड हजार वॉट मागतो. ‘घरात वर्षानुवर्षे चालणारा रॉड पेटीवर का चालत नाही’ याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

अंघोळीचे पाणी

पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागते. म्हणजे एक युनिटच्या पेटीवर दोन बादल्या. दीड हजार वॉटचा भार पेलणारी पेटी असेल, तर एक बादली पंधरा-सोळा मिनिटांत तापते. चार माणसांच्या घरात दोघांची अंघोळ होते आणि मग दिवे लावायलाही वीज उरत नाही. तीच बादली गॅसवर तापवली, तर सुमारे ४५ ते ५० ग्रॅम गॅस जळतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये एकशे ऐंशी युनिटांच्या तोडीची उष्णता भरलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे बॅटरीची मर्यादा स्पष्ट होते.

कापसाच्या या जिल्ह्यात वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडून असतात. अंगणातल्या चुलीवर किंवा बंबाखाली त्या जळतात. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत चार युनिटांएवढी उष्णता असते, लिथियमच्या पेटीच्या एका किलोत साधारण दशांश युनिट. चुलीत त्यातली बरीचशी धुराबरोबर जाते, हे मान्य करूनही आजीचा बंब या शर्यतीत कितीतरी पुढे आहे. धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो, म्हणून बंब अंगणातच असावा.

बाळंतिणीची खोली

वीज गेल्यावर हीटर हवा, ही निकड खरी जाणवते ती घरात तान्हे बाळ असताना. बाळंतिणीची खोली बंद ठेवून शेगडी पेटवण्याची, शेक-शेगडीची आणि धुरी देण्याची रीत मराठवाड्यात अजून मोडलेली नाही. वीज गेली, हीटर थांबला, की कोळशाची शेगडी पुन्हा आत येते. येथे धोका धुराचा कमी आणि न दिसणाऱ्या वायूचा अधिक असतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे बाळंतपणाचा थकवा समजून दुर्लक्षिली जातात. निखारे लाल दिसत आहेत आणि धूर निघत नाही, म्हणजे शेगडी निर्धोक, हा समज जीवघेणा आहे. न्हाणीघरातला गॅस गिझर खिडकीवाचून वापरल्यास हाच वायू तेथेही साचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे आणि प्रसूतीची खोली किमान २५ अंश असावी. वीज नसताना हे साधण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आईच्या कुशीतच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहराच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्यास सुरुवात केली. ‘कांगारू मातृ संगोपन’ या नावाने ही पद्धत आज भारतातील सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते. बाळाला टोपी, पायमोजे व लंगोट एवढेच घालून आईच्या त्वचेशी उभे टेकवायचे आणि दोघांभोवती शाल किंवा गोधडी लपेटायची. आई थकली, तर वडील किंवा आजी हे काम करू शकतात. गरम पाण्याची पिशवी बाळाला चिकटवून ठेवू नये. तिने अंथरूण आधी तापवून घ्यावे व बाळाला ठेवताना ती काढून टाकावी. हात-पाय थंड, रडणे क्षीण, दूध ओढत नाही असे दिसले, तर बाळाला तसेच छातीशी धरून दवाखाना गाठावा.

या खोलीत पेटीचा उपयोग नाही असे नव्हे. रात्रभर मंद दिवा, मोबाईल आणि गरज पडल्यास वाफेचे लहान यंत्र एवढे ती सहज चालवते. हा उपयोग हीटरहून मोलाचा आहे.

जिवावर बेतणाऱ्या खोड्या

हीटर चालवायचाच असेल, तर तो पेटीच्याच प्लगमध्ये लावावा. दुकानातली पातळ वायरची एक्स्टेन्शन दिवे-मोबाईलसाठी असते. दीड हजार वॉटला ती तापते, आणि गादीखालून गेलेली असेल तर पेटते. पाण्याचा रॉड पाण्यात ठेवल्यानंतरच सुरू करावा आणि बंद करून, प्लग काढून मगच पाण्याला हात लावावा. रॉडवर भारतीय मानक आयएस ३६८ चा उल्लेख व आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. विहीर-बोअरच्या जड पाण्याने रॉडवर क्षारांचे पांढरे कवच चढते, त्याखाली धातू जास्त तापून फुटतो आणि करंट पाण्यात उतरतो. पेटी बाहेर आहे, अर्थिंगचा प्रश्न नाही, असे समजून गाफील राहू नये. पेटीच्या विजेचा बहुधा जमिनीशी जोड नसतो, त्यामुळे घरात करंटपासून वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी अशा वेळी कामी येईलच असे नाही.

दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून पेटीची किंवा जनरेटरची वीज भिंतीतल्या प्लगमधून घरभर खेळवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. ती कदापि करू नये. मेन स्विच चालू राहिला, तर ही वीज उलट्या दिशेने खांबावरच्या तारांत जाते. खेड्यात डीपीवर फ्यूज टाकायला पुष्कळदा लाइनमन येण्याआधी गावातलाच कोणी चढतो. लाइन बंद आहे, या भरवशावर तो तारेला हात घालतो.

उन्हाचा उपयोग

सौर पॅनेलवर पेटी भरून फुकटात पाणी तापवता येईल, हा विचार आकर्षक आहे. दोनशे वॉटचे पॅनेल निरभ्र दिवसात पाऊण ते एक युनिट देते. म्हणजे दिवसभराच्या उन्हातून दोन बादल्या. याउलट शंभर लिटरचा सौर बंब चांगल्या उन्हात तेवढे सगळे पाणी पस्तीस अंशांनी तापवतो. ही चार युनिटांएवढी उष्णता झाली, आणि मध्ये बॅटरी नाही की इन्व्हर्टर नाही. उन्हापासून वीज, विजेपासून बॅटरी, बॅटरीपासून पुन्हा उष्णता हा द्राविडी प्राणायाम आहे. औष्णिक वीजकेंद्रातही कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते, आणि त्यासाठी अमाप पाणी लागते. २०१५ च्या दुष्काळात शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

सौर बंबाची जालन्यातली अडचण पाण्याची आहे. घाणेवाडीचा जुना तलाव आणि २०१३ मध्ये जायकवाडीवरून आलेली जलवाहिनी असूनही रोज पाणी न येणाऱ्या नळांशी शहराची जुनी ओळख आहे. गच्चीवरची टाकी रिकामी राहिली, की काचेच्या नळ्या कोरड्या तापतात आणि मग थंड पाणी एकदम शिरल्यास तडकतात. बोअरच्या पाण्याने त्यांत क्षारही साचतात. टाकीत कायम पाणी राखणे ज्यांना शक्य आहे, त्यांनी पेटीआधी सौर बंबाचा विचार करावा.

पेटी घेतलीच असेल, तर तिची खरी कसोटी हिवाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात लागते. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद मोटारीत ठेवलेली लिथियम बॅटरी वेगाने म्हातारी होते, आणि फार तापलेली पेटी चार्जिंग घेण्यास नकार देते. वापर नसताना ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. निम्मी भरून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, कपड्यांपासून दूर ठेवावी, दर दोन-तीन महिन्यांनी तपासावी आणि फुगलेली किंवा आदळलेली पेटी पुन्हा प्लगला लावू नये.